पात्यावरचा अंगठा

विलेपार्ले (पूर्व)

आयोजक महाशय,



तुमच्या प्रदर्शनातून परत आलेली माझ्या आजोबांची कट्यार आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहे. पात्यावर, टोकापासून चार बोटं अलीकडे, एका माणसाच्या अंगठ्याचा ठसा उमटला आहे. ठसा गंजाचा आहे. भिंग धरलं की त्यातल्या रेषा एकेक करून मोजता येतात. तो अंगठा कुणाचा, हे मला कधीच कळणार नाही. तो पात्यापर्यंत कुणी पोहोचू दिला, हे मात्र मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला. आणि ते उघड लिहिते आहे, कारण पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा पार्ल्यातल्या जुन्या घरांच्या बेल वाजवणार आहात.

मे महिन्यात तुम्ही आमच्याकडे आलात. आईने दिलेलं पन्हं प्यालात, भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोला नमस्कार केलात. जुनी शस्त्रं आणि आजच्या कारागिरांची हातघडणीची पाती एकाच छताखाली मांडायची आहेत, असं म्हणालात. कल्पना इतकी चांगली होती की मी दुसऱ्या दिवशी कट्यार काढून दिली. काचेची कपाटं, चोवीस तास पहारा आणि प्रत्येक वस्तूला माहितीफलक, हे तिन्ही शब्द तुमचे. पावतीवर तुम्ही लिहिलंत, ‘एक जुनी कट्यार’. लांबी नाही, फोटो नाही, आधीच्या डागांची नोंद नाही. मी तेव्हाच थांबायला हवं होतं. पण मी समोरच्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि तो विश्वास मोडल्याचा जाब मी तुम्हाला विचारते आहे.

आजोबा साताऱ्याकडचे. पार्ल्यात आले तेव्हा ट्रंकेत दोन धोतरं आणि ही कट्यार होती, असं आजी सांगायची. दर खंडेनवमीला ती पाटावर निघायची. पूजेच्या आदल्या दिवशी आजोबा जुन्या धुवट पंच्याने पातं पुसायचे, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब कापडावर घेऊन पातळ हात फिरवायचे आणि मग आम्हाला दाखवायचे. पात्याला हात लावायची परवानगी कुणालाच नव्हती, त्यांना स्वतःलाही नाही. ‘घामात मीठ असतं’, एवढंच कारण ते सांगत. आडव्या दांड्या मुठीत धरायच्या, म्हणजे दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्या मनगटालगत येतात आणि पातं थेट हाताच्या रेषेत पुढे जातं, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो. टोकाशी पातं मुद्दाम जाड ठेवलेलं आहे, कारण चिलखताच्या कड्यांत ते घुसलं पाहिजे, वाकता कामा नये. तुमच्या पाहुण्याचा अंगठा नेमका त्या जाड टोकाजवळ उमटला आहे.

आता तुम्ही निवडलेल्या जागेबद्दल.

तुम्ही लग्नाचा हॉल घेतलात. जुलैतला रविवार घेतलात. हॉलचं वातानुकूलन बंद होतं, म्हणून सगळ्या खिडक्या सताड उघडल्यात. बाहेर पाऊस कोसळत होता आणि खिडकीशेजारच्या टेबलावर तीन तलवारी उघड्या पडल्या होत्या. माझ्या पिशवीत आर्द्रता मोजायचं लहानसं यंत्र असतं. मी ते त्या टेबलावर ठेवलं. काटा ८४ वर थांबला. पोलादाला गंज धरायला साधारण ६० टक्क्यांच्या वरची आर्द्रता पुरते, आणि पृष्ठभागावर मिठाचा अंश असला तर त्याहून कमीही. सांताक्रूझची वेधशाळा तुमच्या हॉलपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. तिथे एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला जातो. तारीख ठरवण्याआधी तुम्ही काय पाहिलंत? हॉलचं भाडं पावसाळ्यात कमी असतं, एवढंच ना?

पार्लेकराला मिठाची ओळख करून द्यावी लागत नाही. १९३० साली जमनालाल बजाजांच्या पुढाकाराने इथे सत्याग्रहाची छावणी उभी राहिली आणि जुहूच्या किनाऱ्यावर कायदा मोडून मीठ केलं गेलं. तोच समुद्र आजही पश्चिमेला दोन-अडीच किलोमीटरवर आहे आणि त्याची खारी हवा उघड्या खिडकीतून आत येते. त्या हवेत तुम्ही चारशे-पाचशे माणसांना उघड्या पात्यांपाशी सोडलंत. काच नाही, दोरी नाही, ‘हात लावू नये’ अशी साधी पाटीसुद्धा नाही. उलट एक खरी तलवार तुम्ही ‘फोटोसाठी’ बाजूला ठेवली होतीत. मी अर्धा तास मोजलं. एकवीस माणसांनी ती उचलली, त्यांत नऊ मुलं होती. एका मुलाने ती म्यानातून अर्धी उपसली आणि म्यान त्याच्या बहिणीच्या कपाळाजवळून गेलं. तुमचा स्वयंसेवक तेव्हा मंचावरच्या पाहुण्यांना पाणी देत होता.

दांडपट्ट्याचं प्रात्यक्षिकही तुम्ही ठेवलं होतंत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून घोषित केलं, हे तुमच्या निवेदकाने तीनदा सांगितलं. दांडपट्टा म्हणजे काय, हे त्याने एकदाही सांगितलं नाही. हात जवळजवळ कोपरापर्यंत लोखंडी खोबणीत जातो, मनगट आखडतं, आणि लांब, लवचीक, दुधारी पातं खांद्यातून फिरवावं लागतं. त्याला चहूबाजूंनी मोकळी जागा लागते आणि वर मोकळं आकाश लागतं. तुम्ही प्रात्यक्षिक करणाऱ्या मुलीला खुर्च्यांच्या दोन रांगांमधल्या वाटेत उभं केलंत. डोक्यावर पंखा फिरत होता. ती शहाणी होती. तिने पट्टा कमरेच्या वर नेला नाही, चार हात करून थांबली आणि नमस्कार केला. लोकांना वाटलं, एवढंच असतं. एका कलेला तुम्ही पंख्याखाली लहान करून दाखवलंत.

उजेडाचं तुम्ही काय केलंत तेही सांगते. मंचावर चार हॅलोजन होते, सगळे पाहुण्यांच्या चेहऱ्यांवर. शस्त्रांवर छताच्या नळ्यांचा सपाट उजेड होता. पातं वाचायचं असेल तर एका बाजूने तिरपा प्रकाश लागतो, त्याशिवाय त्यावरची खोबणी, घडणीच्या रेषा, जुन्या वाराचे दात दिसत नाहीत. शिवाय तुम्ही सगळ्या तलवारी लाल साटिनवर आडव्या निजवल्या होत्या. तलवारीची पाठ दिसायची सोयच ठेवली नव्हती.

पाठ का दिसायला हवी, तेही ऐका. नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात आली. महाराष्ट्र शासनाने ती घेतली, ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली आणि प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत लोकांना पाहायला मिळाली. ज्यांच्या नावाची ती अकादमी, ते याच पार्ल्यात वाढले आणि पार्ले टिळक विद्यालयात शिकले. त्या तलवारीचं पातं युरोपी घडणीचं आहे. अशा पात्याला आपल्याकडे फिरंग म्हणत. आणि ती कुणाची, हे देवनागरीत सोन्याने लिहिलेलं आहे ते पात्याच्या पाठीवर. तुमच्या साटिनवर ती ठेवली असती, तर लोकांनी तिचं नाव न वाचताच घरची वाट धरली असती. टेबलावर साध्या आरशाची एक पट्टी उभी केली असती तरी पाठ दिसली असती.

माहितीफलकांबद्दल लिहिताना मला सगळ्यात जास्त राग येतो. नऊ निरनिराळ्या हत्यारांपुढे तुम्ही एकच फलक लावलात, ‘शिवकालीन कट्यारी’. त्या नऊंत कट्यारी फक्त तीन होत्या. एक बिचवा होता, विंचवाच्या नांगीसारख्या दुहेरी वळणाचा, कडीत बोटं घालून धरायचा. एक अरबी वळणाचा जांबिया होता, मधोमध उंच कणा असलेला. एक पेशकब्ज होता, त्याची पाठ इंग्रजी टी अक्षरासारखी जाड असते, म्हणून त्याचं बारीक टोक चिलखतात शिरताना लवत नाही. तीन माणसांनी तीन शत्रूंना तीन प्रकारे कसं गाठायचं याचा विचार केला, तेव्हा हे तीन आकार जन्माला आले. तुम्ही तो विचार एका शब्दात पुसून टाकलात.

आणि ‘शिवकालीन’ कशावरून? आमच्या आजोबांनी कट्यारीबद्दल कधीच तसं म्हटलं नाही. ‘माझ्या पणजोबांच्या आधीपासून घरात आहे’, याच्या पुढे ते एक अक्षर बोलले नाहीत, कारण पुढचं त्यांना माहीत नव्हतं. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. ती साताऱ्याच्या दरबारी असलेल्या जेम्स ग्रँट डफकडे होती, हे ते संग्रहालय सांगतं. हीच नखं १६५९ मध्ये प्रतापगडाखाली शिवाजी महाराजांनी वापरली होती असं सिद्ध करता येत नाही, हेही तेच संग्रहालय स्वच्छ सांगतं. तेवढं सांगितल्याने साताऱ्यातली रांग कमी झाली नाही. महाराजांवरचं प्रेम खऱ्या वाक्याने उणावत नाही. खोट्या फलकाने मात्र खऱ्या वस्तूवरचाही विश्वास उडतो, आणि तुम्ही ते आमच्या घराच्या नावाखाली केलंत.

आता मला ज्याचा सगळ्यात मोठा धक्का बसला, त्याकडे येते. प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी तुमचा निरोप सर्वांना आला होता, ‘शस्त्रे चकचकीत करून द्यावीत, अन्यथा आमच्याकडे पॉलिशची सोय आहे’. मी कळवलं, हात लावू नका. दुसऱ्या एका घरच्यांनी तुमचं ऐकलं. त्यांच्या तलवारीच्या मुठीवर कोफ्तगारी होती. लोखंडावर बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढून त्यांत सोन्याची तार ठोकून बसवायची, असं ते काम असतं. सोनं वरच्या वर असतं. तुमच्या पॉलिशवाल्याच्या फिरत्या चाकाखाली त्यातली अर्धी वेल उडाली. घरच्या आजी मुठीकडे पाहत म्हणाल्या, ‘केवढी उजळली!’ त्यांना खरं सांगायचं धाडस मला झालं नाही. ते काम तुमचं आहे.

त्याच चाकाखाली गेलेलं एक जुनं पातं आधी पाण्यावरच्या लाटांसारखं दिसत असणार. आता ते स्टीलच्या ताटासारखं दिसतं. त्या लाटांना जौहर म्हणतात. दक्षिण भारतात मुशीत कर्ब मुरवून जे पोलाद केलं जाई, त्यात कर्बाचं प्रमाण साधारण दीड टक्का असे आणि घडताना त्यातल्या कठीण कणांच्या ओळी जमत. युरोपात त्याला वूट्झ म्हणत, मूळ शब्द कानडी उक्कू. ते कोडं सोडवायला युरोपातल्या विद्वानांनी जीव टाकला. डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले ते याच मुंबईहून, आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. पुढे १८१९ मध्ये मायकेल फॅरडेने त्याचं पृथक्करण केलं. ज्या पोलादापुढे फॅरडे थांबला, त्याच्यावर तुम्ही भांडी घासायचं चाक चालवलंत.

तुमच्या कार्यक्रमात जिवंत असं काही होतं तर ते कारागीर होते, आणि त्यांना तुम्ही जिन्याखाली, स्वच्छतागृहाच्या दाराशेजारी बसवलंत. जामखेडहून आलेला अडकित्त्यांचा कारागीर सकाळी सातपासून बसला होता. दोन पाती एकमेकांवर इतकी तंतोतंत बसवायची की सुपारी चुरडता कामा नये, तिची चकती पडली पाहिजे, हे तो मला दाखवत होता. तेवढ्यात तुमच्या माणसाने येऊन त्याला टेबल दोन फूट मागे घ्यायला लावलं, कारण पाहुण्यांची वाट अडत होती. त्याच्याशेजारी एक तरुण होता. ट्रकच्या कमानपाट्याच्या पोलादाचे सुरे तो हाताने घडवतो. लोहचुंबक चिकटेनासं होईपर्यंत पातं तापवायचं, तेलात बुडवून पाणी द्यायचं, आणि मग पुन्हा दोनशे अंशांच्या आसपास शेकून त्याचा ठिसूळपणा काढायचा. गवताच्या काडीसारखा पिवळा रंग आला की थांबायचं. हे सगळं तो करून दाखवणार होता. परवानगी घेऊन भट्टी हॉलच्या अंगणात लावता आली असती. त्याला तुम्ही दुपारी बाराची वेळ दिली होतीत. साडेबारापर्यंत भाषणं चालली. मग जेवणं सुरू झाली. तो संध्याकाळी सामान आवरून निघून गेला. त्याचं नाव तुमच्या पत्रिकेवर नव्हतं. पाहुण्यांची मात्र अकरा नावं होती, आणि त्यांतल्या एकानेही त्याच्या टेबलाकडे मान वळवली नाही.

विक्रीच्या टेबलांवर कायद्याची एक ओळही नव्हती. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांनुसार, घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी नसलेल्या आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या वस्तू शस्त्रांत मोडतात. कोणता सुरा स्वयंपाकघरातला आणि कोणता या व्याख्येतला, हे गिऱ्हाइकाला सांगणं आयोजकाचं काम आहे. माझ्या डोळ्यांदेखत एक गृहस्थ अमेरिकेतल्या भाच्यासाठी जुना जांबिया घेत होते. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या कायद्याने ती पुरावस्तू ठरते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही, हे त्यांना मी सांगितलं. विक्रेता माझ्यावर चिडला. विमानतळावर जे व्हायचं ते त्या गृहस्थांचं झालं असतं, तुमचं नाही.

छोट्या गटाला सगळं कसं जमणार, असं तुम्ही म्हणाल, म्हणून हिशेबच मांडते. दिवाळीनंतरची कोरडी तारीख हॉलच्या थोड्या जास्त भाड्यात मिळते. ॲक्रिलिकची झाकणं भाड्याने मिळतात. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या किराणा मालाच्या भावात मिळतात. तिरप्या उजेडाचे चार दिवे, आरशाच्या पट्ट्या, हातमोजे आणि वस्तू घेताना-देताना काढायचा एक फोटो, हे सगळं तुम्ही पाहुण्यांना दिलेल्या शाली-श्रीफळांच्या खर्चात बसतं. फलक लिहायला जाणकार हवेत तर मुंबईतल्याच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या शस्त्रदालनात एक दुपार घालवा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. दिनकर केळकरांनी दारोदार फिरून घरगुती वस्तू जमवल्या आणि पुढे आपला सगळा संग्रह शासनाच्या हवाली केला. तिथले अडकित्ते पाहा, मग जामखेडच्या माणसाला जिन्याखाली बसवण्याचं धाडस होणार नाही. आणि कार्यक्रम कसा करावा, हे शिकायला तर पार्ल्याबाहेरही जायला नको. १९२३ पासून इथे लोकमान्य सेवा संघ उभा आहे.

जागा शस्त्रांपेक्षा मोठी नसते. तिचं काम एवढंच की वस्तू सुरक्षित राहावी, नीट दिसावी आणि तिच्याबद्दल खरं सांगितलं जावं. तुमचा हॉल या तिन्ही परीक्षांत नापास झाला, आणि तो तुम्ही निवडला होता.

कट्यार मी एका संवर्धकांना दाखवली. ठसा काढायचा तर पात्याचा तेवढा थर घासावा लागेल, असं ते म्हणाले. घासायचं नाही, असं मी ठरवलं. गंज थांबवून घेतला, वर मेणाचा पातळ थर दिला. ठसा राहील.

हे पत्र वाचणाऱ्या पार्लेकरांना माझी विनंती आहे. उद्या कुणी तुमच्या घरची तलवार, कट्यार, अगदी आजीचा अडकित्ताही प्रदर्शनासाठी मागायला आलं, तर देण्याआधी तीन गोष्टी मागा. पावतीवर वस्तूचा फोटो आणि माप, मांडणीसाठी बंद काच, आणि तारीख पावसाळ्याबाहेरची. तिन्ही मिळाल्या तर आनंदाने द्या, कारण ही पाती ट्रंकेत राहण्यासाठी घडलेली नाहीत. एक जरी नाकारली, तर पन्हं पाजा आणि दार लावून घ्या.

आपली,
एक पार्लेकर